बी ४, के ६.८

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
२६ फेब्रुवारी २०२४

सुयोग,

हे पत्र कामाचं आहे. तसं नसतं तर लिहिलं नसतं. तू माझा नंबर बंद केला आहेस आणि ऑफिसच्या मेलवरून जे जातं ते नंदू सरांना वाचता येतं. कुडाळचा पत्ता माझ्याकडे आहे, कारण आईने घरी कुटलेल्या बॉटल मसाल्याची बरणी तू एकदा माझ्याकडून तुझ्या आईंना पाठवून घेतली होतीस. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवते आहे. मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

हॉस्पिटलचं ॲप्लिकेशन ज्यावर चालतं तो सर्व्हर अजून टॉमकॅट ८.५ आहे, तू बसवलास तोच. ३१ मार्चला ती आवृत्ती बंद होते. त्यानंतर तिच्यात भोक सापडलं तर बुजवायला कुणी नाही. म्हणून १०.१ वर जायचं आहे आणि काम माझ्याकडे आहे. मधल्या काळात जाव्हाने नावं बदलली. जे javax ने सुरू व्हायचं ते आता jakarta ने सुरू होतं. एका रात्रीत चाळीतल्या सगळ्या खोल्यांचे नंबर बदलावेत तसं. जुना कोड नव्या सर्व्हरवर दार शोधत फिरतो. मुख्य ॲप्लिकेशनची नावं नवा सर्व्हर स्वतः बदलून घेतो, पण सर्व्हरच्या स्वतःच्या lib फोल्डरमध्ये कुणी काही ठेवलं असेल तर त्याला तो हात लावत नाही.

कुणीतरी ठेवलं आहे. गुरुवारी चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे हॉस्पिटलच्या सर्व्हरच्या नकलेवर, ॲप्लिकेशन उठेना. लॉगमध्ये कारण होतं: एक फिल्टर, म्हणजे जाणारी-येणारी माहिती मधेच तपासणारा तुकडा, सुरू झाला नाही. फाइलचं नाव rakhan.jar. तुझी.

ही फाइल १७ जून २०२२ ला, शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता मी स्वतः काढून टाकली होती. तू तेव्हा हॉस्पिटलच्या चौकशी समितीसमोर बसला होतास. पाच वाजता तुझा पास जमा झाला. आता तिच्यावर तारीख आहे २० जून २०२२, सोमवार, सकाळी ९ वाजून १२ मिनिटं.

सिद्धेश बाजूच्या खुर्चीवरून म्हणाला, "अगं, ती ओळ उडव ना कॉन्फिगमधनं. चालू होईल."

उडवली. चालू झालं. एकशे चौदा चाचण्या केल्या, एकशे चौदा हिरव्या.

"झकास! चल, चहा."

मला हे झकास वाटलं नाही. जी गोष्ट इतके महिने चोवीस तास चालू होती, तिला काढल्यावर काहीच बिघडत नाही, म्हणजे ती आपल्या कामासाठी नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी होती.

माझा प्रश्न एकच आहे. तुला काढून टाकल्यावरही तुझ्याकडे आत यायची वाट होती का? अजून आहे का? ८ मार्चपर्यंत उत्तर दे. नाहीतर जे दिसतं ते मी लिहून देईन. मागच्या वेळी तुझ्याविरुद्धच्या अहवालावर माझी सही होती. तुझी नोकरी त्याच कागदाने गेली, हे मी विसरलेले नाही. पण तो अहवाल चुकीचा होता असंही मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

व्हॅलेन्सिया


९ मार्च २०२४

सुयोग,

पोचपावती आली. सही तुझ्या आईंची, "रुक्मिणी", थरथरत्या अक्षरात. तुझं उत्तर नाही.

मुदत संपली, पण मी काही लिहून दिलेलं नाही, कारण मध्ये एक गोष्ट घडली. ती तुला माहीत असेल तर तुझं मौन मला समजेल. माहीत नसेल तर तुला सांगायला हवी.

गुरुवारी बॅकअपसाठी हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये गेले होते. रॅकच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, एक हिरवा दिवा लुकलुकत होता. सिमकार्डचा डोंगल. २०२२ मध्ये ज्यातून मेसेज बाहेर जात होते तसाच. मला पहिल्यांदा वाटलं, तू दुसरा आणून ठेवला असशील. मग मी तो उलटा केला. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ४४७१. माझ्या अहवालात पान तीनवर हेच चार आकडे आहेत.

तो डोंगल मी पाकिटात घातला होता, वर 'पुरावा' लिहिलं होतं, पारदर्शक टेप लावून टेपवर सही केली होती. पाकीट नंदू सरांनी माझ्यासमोर त्यांच्या कपाटात ठेवलं. किल्ली त्यांच्याच खिशात असते, बायकोलाही देत नाहीत असं सिद्धेश म्हणतो. डोंगलच्या बाजूला अजून टेपचा एक तुकडा चिकटलेला आहे. त्यावर माझ्या नावाचा 'व्ह'.

म्हणजे सोमवारी सकाळी तू आत शिरला नव्हतास. किंवा शिरला असशील तर कपाट उघडणाऱ्या माणसाच्या सोबतीने. तुम्ही दोघांनी मिळून केलं आहे का? शुक्रवारी मला दाखवायला काढायचं आणि सोमवारी परत लावायचं, असं ठरलं होतं का?

आणखी एक. सिम तुझ्या नावावर आहे, हे चौकशीतच निघालं होतं. ते चालू आहे. रिचार्ज केलं नाही तर कंपनी नंबर काढून घेते. गेले एकवीस महिने कुणीतरी ते न विसरता करतं आहे. कोण?

जुना अहवाल मी पुन्हा वाचला. मेसेजचे दोन नमुने दिले आहेत: 'B4 K 6.8' आणि 'B9 K 7.1'. खाली माझं वाक्य: "सांकेतिक स्वरूपाचे संदेश एका खाजगी मोबाइलवर नियमित जात असून हेतू संशयास्पद आहे." वाक्य नेटकं आहे. समितीने तुला तीन वेळा विचारलं की तो मोबाइल कुणाचा. तू सांगितलं नाहीस. शेवटी म्हणालास, "ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे." तेव्हा तू नंदू सरांकडे बघत होतास. फाइल काढून मी तोवर टिपण घ्यायला परत आले होते, मी ते पाहिलं होतं. अहवालाला जोडलेल्या टिपणात ते आलेलं नाही, कारण कोण कुणाकडे बघतं ही नोंद नसते, असं मी स्वतःला सांगितलं.

आई विचारते, तो कोकणातला पोरगा तिच्या हातचे तळलेले फुगे खायला परत का नाही आला. मी सांगितलं, बदली झाली.

व्हॅलेन्सिया


१७ मार्च २०२४

सुयोग,

तुझं कार्ड मिळालं. एवढंच आहे त्यावर: "त्या नंबरला फोन लावलास कधी?" खाली नाव नाही. मी शिक्का पाहिला, कुडाळचा आहे. अक्षर जुन्या वहीतल्या तुझ्या नोंदींशी ताडून पाहिलं. हसू नकोस. माझी ही सवय तूच लावलीस: "बघितल्याशिवाय मानायचं नाही."

नाही. कधीच लावला नव्हता. नंबर लिहून घेतला, अहवालात टाकला, खाली रेघ मारली. तो वाजवून बघावा हे सुचलं नाही.

शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलमध्ये, सर्व्हर रूमच्या दारात उभी राहून लावला. माझ्या कानात रिंग गेली आणि त्याच वेळी समोरच्या दाराआड एक फोन वाजू लागला. डायलिसिस वॉर्ड. सर्व्हर रूमपासून अकरा पावलं. नंतर मोजली.

एक सिस्टर बाहेर आली. पन्नाशीची, ठेंगणी, एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्यात फोन.

"कोण बोलतंय?"

"मी," मी म्हटलं आणि फोन खाली केला.

तिने माझ्या गळ्यातला पास वाचला. वाचायला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागला. "व्हॅलेन्सिया. म्हणजे तू ती."

"कोण ती?"

"जिने सुयोगाची वाट लावली ती. ये गो, आत ये. उभ्यानं काय बोलायचं."

ही प्रेमा सिस्टर. तुला सांगायला नको. मी तिला अहवालातला नमुना दाखवला: B4 K 6.8. विचारलं, हा संकेत काय आहे.

"संकेत? बाई, बेड चार. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ. म्हणजे पळ! नाहीतर त्या माणसाचं हृदय थांबतंय. ह्यात संकेत कसला?"

अकरावीला रसायनशास्त्रात मला ब्याण्णव मार्क होते. K म्हणजे पोटॅशियम हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण सर्व्हर रूममध्ये उभी असल्यामुळे मला तिथे सर्व्हर रूममधलंच काही दिसलं.

बाकीचं तिनेच सांगितलं. धोक्याचा रिपोर्ट आला की तो डॉक्टरांच्या स्क्रीनवर लाल होतो. वॉर्डात स्क्रीनसमोर बसायला माणूस नाही. भिंतीवरचा फोन घ्यायचा तर ग्लोव्ह काढा, हात धुवा, तोवर लॅबवाल्याने ठेवलेला असतो. एकदा लाल रिपोर्ट चार तास पडून राहिला. तेव्हा ती तुला म्हणाली, "तुझ्या मशीनला सांग, माझ्या खिशात ओरड." आणि तू राखण लिहिलीस. नाव नाही, गाव नाही, फक्त बेड आणि आकडा.

"मग चौकशीत त्याने तुमचं नाव का नाही सांगितलं?"

"मी तेव्हा कंत्राटावर होते. रिपोर्ट स्वतःच्या मोबाइलवर घेते म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी घरी. दोन पोरी शिकत होत्या. तो म्हणाला, सिस्टर, तुम्ही गप्प ऱ्हवा." ती ग्लोव्हची बोटं एकेक करून ओढत होती. "मी ऱ्हवले. पहिल्या वर्षी रोज वाटायचं, जाऊन सांगू. मग कमी कमी वाटायला लागलं. आता कायम झालेय. आता कोणी विचारलं तर सांगेन. पण विचारायला आलंच नाही कोणी."

मग मी १७ जूननंतरचं विचारलं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देते. "शुक्रवार संध्याकाळपासून फोन गप्प. शनिवारी गप्प. सगळ्यांना वाटतं, गप्प म्हणजे बरं. मला नाही बरं वाटलं. आमच्या वॉर्डात दोन दिवस कोणाचं काही वाढत नाही? रविवारी मीच लॅबमध्ये गेले. बेड सहाचा रिपोर्ट दीड तास तिथे लाल होऊन पडलेला. जिवंत काढला त्याला, पण कसा ते माझं मला ठाऊक. सोमवारी सकाळी तुझ्या त्या नंदू सरांना बोलावून घेतलं आणि वॉर्डाच्या दारात असली शिवी घातली, की वॉर्डबॉयनं ट्रे टाकला."

९ वाजून १२ मिनिटं.

संशय तिलाही आला होता आणि मलाही. तिने उठून लॅब गाठली. मी अहवाल टाइप केला. याहून जास्त मला आज लिहिता येत नाही.

सिमचं मी तिला विचारलं. तिने सांगितलं, रिचार्ज ती करत नाही. तिला वाटत होतं, ऑफिस करतं. ऑफिस करत नाही, मी पाहिलं आहे. म्हणजे ज्या हॉस्पिटलने तुला बाहेर काढलं, तिथला मेसेज थांबू नये म्हणून तू कुडाळहून हे करतो आहेस. हे खरं नसेल तर कळव.

व्हॅलेन्सिया


२४ मार्च २०२४

सुयोग,

आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चमधून आले आणि लिहायला बसले. उत्तराची वाट पाहिली नाही.

बुधवारी नंदू सरांच्या केबिनमध्ये गेले. डोंगलवरचा टेपचा तुकडा सोलून एका कागदावर चिकटवला होता, तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दार लावून घेतलं.

"व्हॅलेन्सिया, तू हुशार मुलगी आहेस. हुशारीनं घे."

"सुयोगने तुम्हाला विचारून राखण लावली होती?"

"तोंडी. चांगली आयडिया आहे म्हटलं, करून टाक, कागद नंतर." ही त्यांची पद्धत तुला माहीत आहे. आपण सगळेच तिच्यावर जगतो. या वर्षीच्या माझ्या निम्म्या कामांना कागद नाही. "मग ऑडिट लागलं आणि तुझा अहवाल थेट हॉस्पिटलला गेला. माझ्याकडे आधी आणला असतास तर?"

"तेव्हा तुम्ही समितीसमोरच बसला होतात. 'मी सांगितलं होतं' एवढं म्हणायचं होतं."

"आणि हे काम गेलं असतं म्हणजे? चाळीस माणसं आहेत इथे. एक गेला, तर…" वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "परत लावलं ना मी? कोणाला काही झालं? दोन वर्षं झोप नीट लागत नाही, ते कोणी बघतं?"

मला ते खोटं वाटलं नाही. म्हणूनच जास्त राग आला.

त्यांचं म्हणणं असं. फाइल नव्या नावांत बदलून घ्यायची. त्याचं तयार साधन आहे, दहा सेकंदांचं काम. मग तिचं नाव 'सूचना विभाग' ठेवायचं, कर्ता म्हणून 'विकास गट' लिहायचं आणि शुक्रवारच्या हस्तांतरणाच्या कागदांत बाकीच्यांसोबत घालून टाकायचं. हॉस्पिटलला चालू गोष्ट मिळते, पेशंट सुरक्षित, कुणाला त्रास नाही.

"आणि सुयोग?"

"तो आता तिकडे कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणे. बरं चाललंय त्याचं."

"मुंबईत त्याला कोणी घेत नाही, सर. चौकशीचा शेरा आहे त्याच्या नावावर."

"शेरा तुझ्या अहवालावरनं आहे. तो पुसायला गेलीस तर पहिली तूच खोटी ठरतेस. एकदा खोटा अहवाल दिलेल्या मुलीला पुढे कोण घेईल? विचार कर."

विचार करते आहे. त्यांचा हिशेब बरोबर आहे. मी ओळ उडवली तर एकशे चौदा चाचण्या हिरव्याच राहतील. मी नाव बदललं तर पेशंटही वाचतील. दोन्हीत फक्त तू उरत नाहीस. हे इतकं सोपं आहे की मला त्याचाच संशय येतो.

काम गुड फ्रायडेला ठेवलं आहे, ओपीडी बंद असते म्हणून. त्या दिवशी मी कामावर जाणार म्हणून आई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही.

व्हॅल


३० मार्च २०२४

सुयोग,

क्रमाने लिहिते.

काल दुपारी १२.२० ला जुना सर्व्हर थांबवला. त्या वेळापुरता लॅबचा एक माणूस फोन घेऊन वॉर्डात बसवला होता. कागदावर मागून, सहीने. १.०५ ला नवा उठला. लॉगच्या शेवटून तिसऱ्या ओळीत तू छापायला ठेवलेली ओळ आली: 'राखण सुरू'. फाइल मी बदलून घेतली. नाव बदललं नाही. कर्त्याचं नावही तुझंच ठेवलं.

चाचणीचा मेसेज पाठवणार होते, त्याआधीच १.४० ला खरा गेला. B7 K 6.6. मी सर्व्हर रूमच्या काचेतून पाहत होते. वॉर्डाचं दार उघडलं, प्रेमा सिस्टरने फोन वर धरून मला दाखवला आणि धावत आत गेली. तिला इतकं भरभर चालता येत असेल असं वाटलं नव्हतं. वीस मिनिटांनी येऊन म्हणाली, "बरा आहे. पाणी मागतोय मेला, द्यायचं नाही तेच."

दोन वाजता सहीसाठी डॉ. मृणालिनी आल्या, हॉस्पिटलच्या उपअधीक्षक. नंदू सर हजर होते. कागदांत पान सातवर मी राखणबद्दल लिहिलं होतं: काय करते, कुणी लिहिली, कुणी तोंडी परवानगी दिली, कोणत्या तारखेला मी काढली आणि कोणत्या तारखेला ती परत लागली. पान आठवर माझा १७ जून २०२२ चा अहवाल मागे घेतल्याचं निवेदन. "संदेश सांकेतिक नव्हते. मला वाचता आले नाहीत. क्रमांकावर फोन करून खात्री करणं माझं काम होतं, ते मी केलं नाही."

नंदू सर म्हणाले, "हे पान चुकून आलंय, मॅडम."

"चुकून नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं. मग जुना अहवाल मागितला. तो मी नेलाच होता. दोन्ही शेजारी ठेवले.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"आणि हेही?"

"तेही मीच."

"त्या वेळी खात्री होती तुम्हाला?"

"संशय होता. लिहिताना त्याची खात्री झाली."

त्यांनी प्रेमा सिस्टरला बोलावलं. ती आपलं निवेदन घडी घालून खिशात घेऊनच आली होती, सही केलेलं. डॉक्टरांनी पेन नंदू सरांकडे सरकवलं. त्यांनी ते घेतलं. मग पान सातवर, परवानगीच्या ओळीपुढे, "बरोबर आहे" एवढं लिहिलं. खाली सही केली. मला समाधान होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

चौकशी पुन्हा उघडली आहे. तुला हॉस्पिटलचं पत्र येईल, जबाबासाठी. ये किंवा येऊ नकोस, ते तू ठरव. मला सोमवारपासून ऑफिसला यायचं नाही असं सांगितलं आहे, चौकशी संपेपर्यंत. पास गेटवर ठेवून आले. सिद्धेश खालपर्यंत आला, "तू पण ना, यार," म्हणाला आणि परत वर गेला.

तीन वाजता मी आमच्या चर्चमध्ये होते, सगळ्यात मागे, उभी. आईने मागे वळून पाहिलं आणि आपल्या बाकावर जागा केली. काल संध्याकाळी तिला खरं सांगितलं, बदली नव्हती हे. ती मसाला चाळत होती, चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग त्याच्या आईला बरणी कोण पाठवतं?" बरणी वेगळी पाठवते आहे. फुगे उद्याच्या ईस्टरचे आहेत, पण ते कुडाळपर्यंत टिकत नाहीत.

सोबत दोन कागद आहेत. पान सात आणि पान आठ, दोन्हीवर हॉस्पिटलच्या आवक विभागाचा शिक्का, कालची तारीख. हे आता मेलमध्ये किंवा कुणाच्या कपाटात नाहीत. नोकरीसाठी कुठे लागले तर दाखव. आणखी प्रती लागल्या तर सांग, घरी दहा काढून ठेवल्या आहेत.

माफ कर असं मी या पत्रात कुठे लिहिलेलं नाही. ते पोस्टाने मागायची गोष्ट नाही.

सिमचं उत्तर तू दिलेलं नाहीस. काल काम संपल्यावर मी त्या नंबरवर पुढच्या तीन महिन्यांचं रिचार्ज करायला गेले. आधीच झालेलं होतं, २१ तारखेला.

पोचपावती जोडली आहे. आधीच्या सगळ्यांवर तुझ्या आईंची सही आहे. या वेळी तू कर.

व्हॅल